तिमाहच्या हातची रबरी कोळंबी

मित्रांनो, खारफुटीच्या मुळांपाशी चिखलात अर्धी रुतलेली, शेपूट तुटलेली मी एक जुनी कोळंबी आहे. जवळ आलात तरी नाक धरायची गरज नाही. मला वास येत नाही, कारण मी कुजत नाही. माझी सगळी कहाणी खरे तर या एका वाक्यात मावते. पण तुम्ही वाकून पाहिलेच आहे, तर नीट ऐकून घ्या.

मी जिवंत कधीच नव्हते. मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावर, कुआला रेंगास नावाच्या खाडीकाठच्या गावात, तिमाहच्या मागच्या स्वयंपाकघरात मी जन्मले. तिमाहने लग्न केले नव्हते. आई गेली तेव्हा तिचा धाकटा भाऊ जुसोह रांगत होता. त्याला तिनेच न्हाऊमाखू घालून वाढवले. पोटासाठी ती गावातल्या शेडमध्ये केरोपोक वळायची. मासळीचा लगदा मळायचा, त्याच्या लांब वळकट्या करायच्या, उकळत्या पाण्यात सोडायच्या. मळून मळून तिचे उजवे मनगट कायमचे सुजले आणि शेडच्या मालकिणीने तिला घरी बसायला सांगितले.

जुसोह तेव्हा खाडीच्या तोंडावर जाळे लावत असे. एका सकाळी त्याच्या जाळ्यात जिताड्याची पिल्लेच पिल्ले आली. तळहाताएवढी, सगळी मेलेली. ती त्याला विकवेनात आणि खाववेनातही. त्या दिवसापासून त्याने जाळे सोडले आणि गरी हातात घेतली. शहरातल्या हौशी लोकांना होडीतून खारफुटीत न्यायचे, मासा कुठे बसतो ते दाखवायचे, लहान मासा आला तर परत सोडायचा, असा त्याने धंदा सुरू केला. एका पाहुण्याच्या गळाला परदेशी रबरी कोळंबी होती. ती फाटली तेव्हा जुसोहने मागून घेतली आणि घरी येऊन बहिणीपुढे धरली. तिला तो काक, म्हणजे ताई म्हणे.

"काक, असली एखादी तुला करता येईल का?"

तिमाहने ती उलटीसुलटी करून पाहिली. "ही कोळंबी? हिच्या मिशा कुठायत? आपल्या खाडीतल्या कोळंबीनं हिला बघितलं तर हसून हसून मरेल."

दुसऱ्या दिवशी तिने बाजारातून एक ताजी, टपोरी कोळंबी आणली आणि प्लॅस्टरमध्ये तिचा साचा घेतला. पहिला घाणा बिघडला. जुसोह म्हणाला, "काक, हे गाजर दिसतंय."

"माशाला विचार. तू थोडाच खाणार आहेस!"

पण मनातून तिला ते लागले असावे. पुढे कितीतरी दिवस ती त्याच कामात गढली होती. दुधासारखे पातळ प्लास्टिक ती जुन्या पातेल्यात मंद आचेवर ढवळत राही. ते आधी खिरीसारखे दाटते आणि मग एकाएकी काचेसारखे स्वच्छ होते. नेमक्या त्या क्षणी रंग घालायचा. डोक्याचा रुमाल नाकावर ओढून, धुरात डोळे बारीक करून ती रंग घाली. खारफुटीतल्या पाण्याचा तपकिरी रंग, पोटाखाली जराशी केशरी झाक, चिमूटभर चकाकी आणि बुडावे म्हणून बारीक मीठ. मग साच्यात ओतायचे, गार पाण्यात सोडायचे आणि मिशा कात्रीने सारख्या करायच्या. शेवटी ती बोटाने आमच्या अंगाला बलाचानचे तेल चोळी. बलाचान म्हणजे आंबवलेल्या जवळ्याचा गोळा. त्याचा वास गल्लीच्या टोकापर्यंत जाई आणि शेजारणी खिडक्या लावून घेत. आम्हाला मात्र तो वास म्हणजे आईच्या हाताचा वास वाटे.

माझा पहिला दिवस मला आठवतो. ओहोटी नुकतीच लागली होती. खाडीतले पाणी समुद्राकडे निघाले की खऱ्या कोळंब्या मुळांमधून बाहेर पडतात आणि जिताडे त्यांची वाट पाहत तोंडाशी उभे राहतात. जुसोहने मला शिशाच्या डोक्याच्या गळावर चढवले. मुळांत अडकू नये म्हणून गळाचे टोक माझ्या पाठीत लपवले. होडीतला पाहुणा नवखा होता. पाहुण्यांना जुसोह बांग, म्हणजे दादा म्हणे. त्याने मला पाण्यात टाकले आणि भराभर ओढायला सुरुवात केली.

"अहो बांग, ओढताय कशाला? कोळंबी काय मोटारसायकल आहे?" जुसोह हसून म्हणाला. "काठीचं टोक नुसतं दोनदा उचला आणि थांबा. तिला पडू द्या. मासा घेतो तो पडतानाच."

पाहुणा थांबला. मी हळूहळू खाली जाऊ लागले आणि अंधारातून एक जबडा आला. त्यानंतर होडीत जो आरडाओरडा झाला, तो ऐकून मला वाटले, जन्माचे सार्थक झाले.

ते दिवस सुखाचे होते, मित्रांनो. मी जिताडे आणले, तांबोश्या आणल्या. लहान मासे पाण्यात परत गेले, एखादा मोठा तिमाहच्या कालवणात गेला. कॉफीच्या टपरीवर लोक 'तिमाहची कोळंबी' असे नाव घेऊन बोलू लागले. तिथे एकच माणूस खवचट होता, म्हातारा देरामन. त्याला सगळे पाक, म्हणजे काका म्हणत. तो अजूनही जाळे लावत असे आणि जाळे सोडणाऱ्या जुसोहवर त्याचा राग होता.

"जुसोह, माशांना रबर चारतोस म्हणे," तो बशीत कॉफी ओतत म्हणे. "सांभाळ हो. एक दिवस मासे चेंडूसारखे उसळून झाडावर जाऊन बसतील."

"तुमच्या जाळ्यात मरण्यापेक्षा झाडावर बरे, पाक."

टपरी हसे. देरामनही हसे, पण मिशीतल्या मिशीत.

तिमाहचा एक नियम होता. फाटलेली कोळंबी घरी परत यायची. ती वितळवून तिची पुन्हा नवी कोळंबी करता येते. त्यासाठी जुसोहच्या होडीत पत्र्याचे एक डबडे ठेवलेले असे. स्वतःच्या हातची फाटकी कोळंबी तो न चुकता त्यात टाकी. पाहुण्यांच्या हाताचे मात्र त्याला काही सांगता येत नसे.

माझी शेपूट केंड माशाने तोडली. केंडाचे दात कात्रीसारखे असतात. मी वर आले तेव्हा काठी एका शहरी पाहुण्याच्या हातात होती. तो चांगला हसरा, दिलदार माणूस होता. त्याने होडीत सगळ्यांना आपल्या डब्यातला भात वाटला होता.

"शेपूट गेली हिची. दुसरी द्या," असे म्हणून त्याने मला गळावरून उपटले आणि पाण्यात भिरकावले.

जुसोहने ते पाहिले. मला हवेत असताना त्याचा चेहरा दिसला. त्याचे तोंड उघडले होते. पण तो पाहुणा पुढच्या आठवड्यात आपल्या मित्रांना घेऊन येणार होता. जुसोहने तोंड मिटले आणि पिशवीतून दुसरी कोळंबी काढून दिली.

बस्, एवढेच झाले. कोणी दुष्टपणा केला नाही. कोणी कोणाला शिवी दिली नाही.

अंगात मीठ असल्यामुळे मी तळाला गेले. ओहोटीने मला घरंगळत खाडीच्या तोंडाशी नेले. बलाचानचा वास अजून अंगाला होता. तिथे एक तरुण जिताडा उभा होता. आता मला दोरी नव्हती, गळ नव्हता, वर कोणी माणूस नव्हता. मी त्याला सांगू शकत होते का, की मी खोटी आहे? त्याने मला गिळले.

त्याच्या पोटात मी एकटी नव्हते. तिमाहच्याच हातची आणखी एक कोळंबी तिथे होती आणि कारखान्यातला एक हिरवा रबरी किडा होता. माशाच्या पोटात आम्ही विरघळत नाही. उलट फुगतो. आधी आम्ही फुगलो आणि मग कडक झालो. खरी कोळंबी आत आली की तिला जागा नसे. तो खाई आणि ओकून टाकी. पुन्हा भूक लागे, पुन्हा खाई, पुन्हा ओकी. पोट भरलेले आणि अंगाला काही लागत नाही, अशी त्याची दशा झाली. त्याच्या पाठीवरचे मांस उतरताना मला आतून कळत होते. दर भरतीला त्याचे पोहणे हळू होत गेले.

तुम्हाला माहीत आहे का, जिताडा आधी नर असतो आणि वाढून मोठा झाला की मादी होतो? हा अजून नर होता. दोनेक वर्षे नीट जगला असता तर तो आई झाला असता. पावसाळी पाण्यात लाखो अंडी सोडली असती. मी त्या पोटात बसून त्या न झालेल्या आईबद्दल विचार करत असे. मऊ अंग, खरा वाटणारा रंग, तो वास, ज्या ज्या गोष्टींसाठी माझे कौतुक झाले होते, त्याच गोष्टी त्याला मारत होत्या.

शेवटी तो पाक देरामनच्या जाळ्यात आला. डोके मोठे आणि धड चिंधीसारखे, असा मासा म्हाताऱ्याने जन्मात पाहिला नव्हता. त्याने तो चिरला. आम्हाला पाहिले आणि मासा तसाच उचलून थेट तिमाहच्या दारात आला. जुसोह पायरीवर बसून काठीला तेल देत होता.

"बोलाव तुझ्या बहिणीला," देरामन म्हणाला. "तिची पोरं घेऊन आलोय."

तिमाह हात पुसत बाहेर आली. म्हाताऱ्याने मासा फळीवर आपटला आणि पोट उघडून धरले. "माझं जाळं वाईट, नाही का? माझं जाळं मासा मारतं, मान्य. पण उपाशी नाही मारत गं."

तिमाह खाली बसली. तिने मला दोन बोटांनी बाहेर काढले. मी फुगून विद्रूप झाले होते, रंग उडाला होता. पण मिशा कापायची तिची स्वतःची एक पद्धत होती. तिने मिशांवरून अंगठा फिरवला आणि तिची मान खाली गेली.

"काक, मी नाही टाकली ती," जुसोह घाईघाईने म्हणाला. "माझ्या सगळ्या डबड्यात असतात. तूच मोजून घेतेस."

"कुणी टाकली?"

"पाहुण्यानं. एखाद्यानं. मला काय ठाऊक?"

"टाकताना बघितलंस?"

जुसोह काठी पुसत राहिला.

"सोह, मी विचारतेय. बघितलंस?"

"गिऱ्हाईक होतं ते, काक! काय सांगू त्याला? उडी मारून उचलून आण म्हणू?"

पाक देरामन भांडायच्या तयारीने आला होता, पण तिचा चेहरा पाहून त्याचाही आवाज बसला. "मी काय म्हणतो, तुझ्या एकटीचं नाही यात," तो पुटपुटला. "तो हिरवा कुठला तुझा?" मग मासा तिथेच ठेवून तो निघून गेला.

त्या दिवशी तिमाहने चुलीवरचे पातेले उतरवले. साचे मागच्या अंगणात नेऊन दगडाने फोडले. जुसोहने तिचा हात धरायचा प्रयत्न केला.

"तू बंद केलंस म्हणून काय होणार आहे? शहरातल्या दुकानात भिंतभर पाकिटं लटकतायत!"

"लटकू देत. त्यांना माझा हात लागलेला नाही."

"आणि आपण खायचं काय?"

ती पुन्हा केरोपोकच्या शेडमध्ये गेली, दुखरे मनगट सांभाळत, डाव्या हाताने मळत. जुसोह दुकानातली पाकिटे आणू लागला. फाटकी कोळंबी पाण्यात टाकू नका असे त्याने पाहुण्यांना सांगून पाहिले. काहींनी ऐकले. काही हसले आणि पुढच्या खेपेला दुसऱ्याच्या होडीत बसले. मासेही कमी होत गेले. वरच्या अंगाला नदीतून वाळू उपसत होते, तोंडावर जाळी वाढली होती. सगळा दोष आमचा नव्हता, मित्रांनो. पण आमचा वाटा होता, आणि तिमाहला तेवढाच दिसत होता.

भाऊ-बहीण एका घरात राहून परक्यासारखे झाले. मग एके सकाळी जुसोहने होडी विकली आणि राजधानीत एका गोदामावर पहारेकरी म्हणून जायला निघाला. तिमाहने केळीच्या पानात भात बांधून दिला.

"काक, येतो मी."

"रुमाल घेतलास का?"

"घेतला."

दोघांना आणखी काहीतरी बोलायचे होते, हे मी कपाटावरून पाहत होते. माशाच्या पोटातून काढल्यापासून तिने आम्हाला तिथेच ठेवले होते. बस आली आणि तो गेला. पुढे फोन येत. पण तो "बरी आहेस ना" म्हणे आणि ती "बरी आहे" म्हणे, त्यापलीकडे काही नाही.

त्यानंतर तिमाहला एकच ध्यास लागला. ओहोटी लागली की ती गुडघाभर चिखलात उतरे आणि खारफुटीच्या मुळांमधून आम्हाला वेचून काढी. तिच्या हातच्या, दुसऱ्यांच्या, हिरव्या, गुलाबी, शेपटीच्या, बिनशेपटीच्या, सगळ्या. बिस्किटांचा एक मोठा चौकोनी डबा होता, त्यात ती आम्हाला भरी. मीही कपाटावरून त्यातच गेले. तिने आम्हाला एकदा जाळून पाहिले. काळा धूर झाला आणि शेजारचे तान्हे मूल खोकून खोकून निळे पडले. घाबरून तिने विस्तव विझवला. मग पुरून पाहिले. पावसाने माती वाहून गेली आणि आम्ही पुन्हा अंगणात. वितळवावे तर निरनिराळ्या जातीचे प्लास्टिक एकत्र येईना, आणि वितळवून करायचे तरी काय? म्हणून डबा. डब्यात आम्ही उन्हाळ्याने मऊ होऊन एकमेकींना चिकटलो. तो हिरवा किडा माझ्या पाठीत रुतला, तो आजही आहे, हा पाहा.

टपरीवर लोक तिला वेडी म्हणू लागले. कोणीतरी म्हणाले, "तिमाह चिखलात सोनं शोधते." पाक देरामन त्यावर हसला नाही. त्याच्या जाळ्यात आमच्यापैकी कोणी आले तर तो ते तिच्या पायरीवर ठेवून, हाक न मारता निघून जाई. तिमाह उचली आणि डब्यात टाकी. डबा भरत गेला. खाडी मात्र रिकामी होत नव्हती. दर ओहोटीला नवी कोळंबी, नवा किडा. कधी कधी ती भरलेल्या हाताकडे पाहत चिखलात तशीच उभी राही.

मग एका वर्षअखेरीचा पाऊस आला. इथे पूर दरसाल येतो, पण पायरीपर्यंत येऊन परततो. त्या वर्षी तो परतला नाही. सकाळी पाणी चुलीत शिरले, दुपारपर्यंत खाटेवर. पाक देरामन आपली होडी घेऊन थेट खिडकीशी आला.

"तिमाह, चल! सगळं सोड, चल!"

तिमाह होडीत पाय टाकता टाकता वळली. "डबा राहिला, पाक."

"कसला डबा? आग लाव त्या डब्याला!"

"झाकण सैल आहे त्याचं."

"आधी जीव वाचव, बाई!"

"सैल आहे हो झाकण," ती पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिली. म्हाताऱ्याने तिला दंडाला धरून ओढले तेव्हाही तिचे डोळे आतल्या फळीवरच्या डब्यावर होते. होडी गेली. फळीखालून पाणी आले, डबा अलगद उचलला गेला, एकदा भिंतीला लागला, एकदा दाराला, आणि उघड्या दारातून अंगणात आला. माडांच्या बुंध्यांमधून आम्ही वाहत चाललो. पुलाच्या खांबाला डबा आदळला आणि झाकण निघाले. तिमाहने वाकून वाकून, पाठ मोडून जे इतकी वर्षे गोळा केले होते, ते पाण्याने एका दमात पसरून टाकले. आम्ही सगळ्या परत खाडीत आलो. त्या दिवशी खाडीच्या तोंडाशी किती मासे उभे होते, ते मी मोजले नाही. मला मोजवले नाही.

पूर ओसरल्यावर तिमाह एकदा इथे आली होती. मी या मुळाशीच होते, तिच्यापासून हाताच्या अंतरावर. तिने मला पाहिले, हे मला नक्की ठाऊक आहे. मुळामुळांत अडकलेल्या आम्हा सगळ्यांनाच तिने पाहिले. ती बराच वेळ उभी राहिली. पण वाकली नाही. मग चिखलातून पाय उपसत हळूहळू परत गेली. त्यानंतर कितीतरी ओहोट्या आल्या, ती आलेली नाही. पाक देरामनची होडी जाते येते, पण त्यात ती नसते.

मित्रांनो, गरी टाकू नका असे मी म्हणत नाही. मी त्यासाठीच जन्मले आणि ते काम मला आवडत होते. पण माझ्यासारखी एखादी फाटली तर तिला खिशात टाका, घरी न्या. वेगळ्या जातीच्या आमिषांना एका डब्यात कोंबू नका. आणि होडीत तुमच्या शेजारच्याने तिला पाण्यात भिरकावायला हात उचलला, तर उघडलेले तोंड मिटू नका. तो रागावेल, रागावू द्या. एका वाक्याने जे थांबले असते, ते थांबवायला एका बाईचे उरलेले आयुष्य पुरले नाही.

आणि आता वाकलाच आहात, तर मला उचलून न्याल का? लवकर करा. पाहा, भरती लागली. पाणी माझ्या मिशांपर्यंत आले आहे. आत्ता मी चिखलातला कचरा दिसते. पण पाणी वर चढले की मी हलू लागते, आणि हलू लागले की मी जिवंत दिसते.